निरीक्षण आणि अनुमान

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा मेळावा खरं तर २०२१ साली, दहावीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच व्हायचा होता. आधी करोना आडवा आला आणि मग जुलैमधला चिपळूणचा महापूर. आज इतक्या जणांना एकत्र बघून बरं वाटतंय. काहींना मी आवाजावरून ओळखलं, चेहऱ्यावरून नाही, हे माफ करा.

संयोजक मला म्हणाले, "तू आयटीत आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल." मी म्हटलं, त्या विषयावर सगळ्यांना रोज व्हॉट्सअ‍ॅपवर पाच-पाच फॉरवर्ड येतात, माझी काय गरज? मी माझ्या जुन्या गाडीवर बोलणार आहे. ती गाडी भारी नव्हती आणि आता माझ्याकडे नाहीसुद्धा. पण मे २०१८मध्ये ती कुंभार्ली घाटात तापली आणि आपल्या प्रयोगशाळेतला एक धडा मला नव्याने शिकावा लागला.

प्रयोगवही आठवते ना? डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती. उजव्या पानावर उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आम्ही हुशार मुलं निरीक्षणातच लिहून टाकायचो, "द्रावण आम्लधर्मी आहे." बाई त्याभोवती लाल गोल काढायच्या. "तुला आम्ल दिसलं का? निळा लिटमस लाल झालेला दिसला ना? मग निरीक्षणात तेवढंच लिही. आम्ल खालच्या ओळीत." आम्हाला वाटायचं, बाईंना उगाच मार्क कापायचे असतात.

बाई, तुम्ही समोर बसल्या आहात, म्हणून आधीच कबूल करते. तो लाल गोल मला सदतिसाव्या वर्षी कळला.

झालं असं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं होतं. तिला न्यायला मी आणि माझी मुलगी गाडीने चिपळूणला आलो. गाडी नऊ वर्षांची, डिझेलची. निघण्याआधी तीन आठवडे घराजवळच्या गॅरेजात तिचं सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, पाण्याची टाकी बघून दिली. येताना काही त्रास झाला नाही. दोन दिवस राहिलो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो.

शिरगाव, पोफळी मागे पडली आणि घाट चढायला लागलो. पुढे उसाचा ट्रक असावा तसा एक लोडेड ट्रक, दुसऱ्या गिअरवर सगळी चढण, डोक्यावर मे महिन्याचं ऊन, आणि आईला उकडतंय म्हणून एसी पूर्ण. तापमानाचा काटा रोजच्यासारखा मधोमध होता. दोन वळणं घेतली, तिसऱ्या वळणावर बघते तर काटा लाल रेघेला टेकलेला.

इथे एक गोष्ट सांगते, तुमच्यापैकी गाडी चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल. बऱ्याच नव्या गाड्यांतला हा काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. इंजिनाचं तापमान पाच-दहा अंश वरखाली झालं तरी तो मधून हलत नाही, नाहीतर लोक उगाच घाबरतील. त्यामुळे तो हलला की समजायचं, आधीच उशीर झालाय. आणि पाणी पूर्ण गळून गेलं असेल तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो, मग काटा कधी कधी चक्क खाली येतो आणि आपल्याला वाटतं, चला, निवली.

मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण चालू केला. मुलगी ओरडली, "आई, वेड लागलं का?" पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाची थोडी उष्णता तो केबिनमध्ये खेचून घेतो. आपल्याला घाम फुटतो, इंजिनाला थोडा श्वास मिळतो. रुंद जागा दिसली तिथे गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, चाकांना दगड लावले.

आता मी कोण? यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर. वर्गात आम्ही चारच मुली होतो. उष्णतेच्या वहनाचा पेपर मी पहिल्या वर्गात पास केलेला. नोकरी पुढे संगणकाची केली, ते वेगळं. तर ही पदवीधर बाई बॉनेट उघडून, हाताला ओढणी गुंडाळून टाकीचं झाकण फिरवायला निघाली. मागून आई म्हणाली, "अगो, कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढतेस काय घरी?"

माझा हात जागच्या जागी थांबला. आई सातवी शिकलेली. आणि तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. गाडीचं पाणी आणि कुकर यांचं शास्त्र एकच आहे. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत साधारण एका वातावरणाचा जास्तीचा दाब राहतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेलं तर त्याहूनही उशिरा. झाकण काढलं की दाब जातो, आणि एकशेवीस अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. अशा भाजण्याच्या घटना दर उन्हाळ्यात होतात.

आम्ही सावलीत बसलो. मोबाइलला रेंज नाही. चिपळूणकडे जाणारी एक एसटी थांबली. ड्रायव्हरदादांनी खाली वाकून बघितलं आणि बजावलं, "ताई, गरम इंजिनात थंड पाणी ओतू नका, तडकेल." मी कंडक्टरना एक नंबर लिहून दिला. रेंज आली की फोन करा म्हटलं.

तो नंबर आपल्याच वर्गातल्या एकाचा होता. आज तो सभागृहात आहे, पण नाव घ्यायचं नाही अशी त्याने अट घातली आहे. एवढंच सांगते की तो शेवटच्या बाकावर बसायचा, दहावीला गणितात राहिला, ऑक्टोबरला पुन्हा बसला नाही, आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षं कराड रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. हसू नका, आता सगळ्यांना कळलंय तो कोण ते.

तासाभराने टाकी हाताला कोमट लागली. झाकण हळूहळू, आधी अर्धाच आटा फिरवून काढलं. आत लाल कूलंट असायला हवं होतं. दिसला तो काळपट तपकिरी, चिकट राडा. बोटाला लावला तर बुळबुळीत.

त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर एक चित्र उभं राहिलं. पुण्याच्या त्या गॅरेजातला पोरगा. एकोणीस-वीस वर्षांचा, नवीनच लागलेला. बॉनेट उघडं, त्याच्या हातात ऑइलचा डबा, आणि तो टाकीच्या बाजूला वाकलेला. मी स्वतः तिथे उभी होते. मी पाहिलं होतं! इंजिन ऑइल त्याने पाण्याच्या टाकीत ओतलं. दुसरं काय असणार?

मित्र पिकअप घेऊन आला. गाडी बांधून आम्हाला खाली त्याच्या गॅरेजात आणलं. आईला घरी सोडलं. संध्याकाळ झाली होती. मी त्याला माझं निदान सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. टाकीतला राडा काडीने घेतला, टेबलावरच्या वर्तमानपत्राचा कोरा कोपरा फाडला, त्यावर चोळला आणि पंख्याखाली धरला. शेजारी साध्या कूलंटचा एक थेंब. दोन्ही सुकल्यावर कागद दिव्यासमोर धरला. साध्या थेंबाची नुसती पुसट खूण. राड्याच्या डागातून दिवा दिसत होता.

"आठवतंय गो? शेंगदाणा?"

आठवलं. कागदावर शेंगदाणा चोळायचा, कागद पारभासक झाला की स्निग्ध पदार्थ आहे. आपल्या बाईंचा प्रयोग. मी म्हटलं, "म्हणजे तेलच आहे. म्हणजे त्या पोरानेच ओतलं."

तो म्हणाला, "तेल आहे, एवढं दिसलं. ओतलं हे तू बघितलंस, की तुला वाटलं?"

"बघितलं. डबा त्याच्या हातात होता."

"डबा बघितलास. ओतताना बघितलंस?"

खरं सांगायचं तर त्याच वेळी मला ऑफिसचा फोन आला होता आणि मी पाठ फिरवली होती. पण मला राग आला. मी अभियंता, आणि हा मला उलट विचारतोय. मग त्याने आणखी एक विचारलं, "मध्ये तू काही टाकलंस का टाकीत? दुसरा कूलंट, पाणी, काहीही?" मी म्हटलं, "नाही." ते खोटं होतं. त्याकडे येते.

तो म्हणाला, "आज काही ठरवू नको. इंजिन थंड होऊ दे, सकाळी बघू. फोन तर अजिबात करू नको."

मी बाहेर जाऊन फोन केला. मालकांना झापलं. फोटो पाठवले. खर्च तुम्ही द्यायचा म्हटलं. मालकांनी फोन न ठेवताच त्या पोराला हाक मारली. मला सगळं ऐकू येत होतं. मालकांचा चढलेला आवाज, एक शिवी, आणि मग त्या पोराचा आवाज, "नाही शेठ, मी नाही टाकलं. आईशप्पत." मला तेव्हा वाटलं, बघा, खोटंही बोलतोय. मालक म्हणाले, "मॅडम, त्याला आजच घरी पाठवतो."

मला बरं वाटलं. हे इथे उभं राहून सांगताना लाज वाटते, पण त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी आठला मी गॅरेजात गेले. गाडी सपाट जमिनीवर, इंजिन गार. मित्राने काही न बोलता डिपस्टिक काढली, पुसली, परत घातली, काढली आणि माझ्या हातात दिली.

"काय दिसतंय?"

"ऑइल स्वच्छ आहे. पाणी मिसळलेलं नाही." ऑइलमध्ये पाणी मिसळलं की ते फेसाळ, चहात दूध जास्त झाल्यासारखं दिसतं. हे तसं नव्हतं.

"आणि?"

मी पुन्हा बघितलं. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

"तीन आठवड्यांपूर्वी किती होतं?"

सर्व्हिसिंगनंतर मला दाखवलेलं होतं. बरोबर वरच्या खुणेवर. या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. म्हणजे इंजिनातलं लिटरभर तरी ऑइल कमी झालं होतं. खाली गाडीच्या पोटाला गळतीचा डाग नाही, मागून निळा धूर नाही.

तो म्हणाला, "पोराने डब्यातलं तेल टाकीत ओतलं असतं, तर इंजिनातलं का कमी होईल?"

मित्रांनो, मी वीस वर्षं हेच काम करते. सॉफ्टवेअर बंद पडलं की त्याचं कारण शोधायच्या बैठका मी घेते. त्या बैठकांचा पहिला नियम मीच फळ्यावर लिहिते. कोणी केलं हे विचारायचं नाही, काय झालं ते विचारायचं. कारण "कोणी" हे उत्तर मिळालं की माणसं शोध थांबवतात. घाटात, उन्हात, आई गाडीत असताना तो नियम मला आठवला नाही. एका डिपस्टिकने जे सांगितलं असतं, ते बघायला मी सकाळपर्यंत थांबले नाही. आणि ती डिपस्टिक घाटातसुद्धा माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

पुढचं निदान त्याने माझ्याकडूनच करून घेतलं. ऑइल पाण्यात गेलं, तर कुठून? इंजिनात ऑइल आणि पाणी शेजारी-शेजारी वाहतात अशा जागा मोजक्याच. एक म्हणजे हेड गॅसकेट. ते गेलं असतं तर जळलेला वायू पाण्यात शिरतो. टाकीचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन थोडा वेळ चालवलं तर बुडबुडे येत राहतात. मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. त्याच्याकडे निळ्या द्रावणाची एक नळी होती. टाकीवर धरून फुगा दाबायचा, पाण्यात जळका वायू असेल तर निळा रंग बदलतो. पुन्हा लिटमसच, बाई. बुडबुडे नाहीत, धूर नाही, रंग बदलला नाही.

दुसरी जागा, ऑटोमॅटिक गिअरच्या काही गाड्यांत गिअरचं तेल रेडिएटरमध्येच गार करतात. तिथे फुटलं तर पाणी गुलाबी मिल्कशेकसारखं होतं. आपली गाडी साध्या गिअरची, तो प्रश्नच नाही.

तिसरी जागा ऑइल कूलर. अनेक डिझेल इंजिनांत ऑइल फिल्टरच्या मागे एक लहानसा डबा असतो. आत पातळ पत्र्यांचे थर, एका थरातून ऑइल, दुसऱ्यातून पाणी. पत्र्याला भोक पडलं तर दोन्ही एकत्र होतात. मग पाणी ऑइलमध्ये न जाता ऑइलच पाण्यात का गेलं? कारण चालत्या इंजिनात ऑइलचा दाब जास्त. पाण्याला साधारण एका वातावरणाचा, ऑइलला त्याच्या दुप्पट-तिप्पट. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, हे तर आपल्याला आठवीत होतं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्य होतो आणि पाण्याचा थोडा वेळ टिकतो, तेव्हा उलटंही होऊ शकतं. मित्र म्हणाला, "अजून चार दिवस चालवली असतीस तर बेअरिंगा गेल्या असत्या."

त्याने कूलर काढला. एका बाजूची तोंडं बंद केली, दुसरीकडून हवेचा पाइप जोडला आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवला. सायकलची ट्यूब बुडवतात तसा. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. मी घमेल्याकडे बघत राहिले. आता कुणाला काही वाटण्याचा प्रश्न नव्हता. दिसत होतं.

येताना गाडी का तापली नाही, याचंही उत्तर त्यात होतं. येताना हायवे बराचसा सपाट आणि घाट उताराचा, इंजिनावर भार कमी. रेडिएटरच्या नळ्यांना आतून तेलाचा थर बसलेला होता, उष्णता नीट बाहेर पडत नव्हती, पण तेवढ्यावर भागत होतं. चढण, ट्रकमागची संथ चाल, ऊन आणि एसी, सगळं एकत्र आल्यावर भागेना. बिघाड जुना होता, घाटाने तो उघडा पाडला.

मग त्याने रेडिएटरचा खालचा बूच काढून सगळं पाणी घमेल्यात सोडलं. वरचा तेलाचा थर बाजूला सारला आणि खालचं पाणी पांढऱ्या मगात घेतलं. ते लाल नव्हतं. गढूळ, मातकट होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "लाल आणि हिरवा मिसळला की हा रंग येतो. हा हिरवा कोणी टाकला?"

आता त्या खोट्याकडे येते. पुण्याहून पहाटे निघताना अंधारात टॉर्च मारून टाकी बघितली, पातळी थोडी कमी वाटली. पंपावरून हिरव्या कूलंटची बाटली घेतली आणि अर्धा लिटर ओतला. आत लाल आहे हे मला माहीत होतं. वाटलं, कूलंट तो कूलंट. आणि त्याआधीचे तीन उन्हाळे पातळी कमी दिसली की मी बोअरचं पाणी टाकत आले होते.

मी सांगितलं. तो म्हणाला, "काल सांगितलं असतंस तर माझा अर्धा तास वाचला असता. दोन कूलंट मिसळून गोळा झालाय की तेल आहे, हे बघायलाच मी कागद चोळत बसलो." मग समजावलं. कूलंटचा रंग म्हणजे काही आयएसआयचा शिक्का नव्हे. कंपन्या आपापले रंग घालतात. खरी गोष्ट आतल्या गंजरोधक रसायनांची. ती दोन वेगळ्या जातींची असली तर एकमेकांना निकामी करतात, काही वेळा साका धरतो. म्हणून बाटलीचा रंग न बघता गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघायचा. रस्त्यात अडलंच तर साधं पाणी टाकून घरी यायचं आणि नंतर सगळं बदलून घ्यायचं. रोजच्या वापराला डिस्टिल्ड पाणीच, कारण बोअरच्या क्षारांनी आतला धातू हळूहळू खाल्ला जातो. कूलरचं भोक माझ्या अर्ध्या लिटरने पडलं नव्हतं, ते एका आठवड्यात पडत नाही. पण तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा त्यात बहुतेक हात होता.

म्हणजे हिशेब असा झाला. त्या गाडीत जे ओतायला नको ते ओतणारं एकच माणूस होतं. ते त्या गॅरेजात कामाला नव्हतं.

मी तिथूनच मालकांना फोन केला. सगळं सांगितलं, बुडबुड्यांचा व्हिडिओ पाठवला, माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम, होतं असं." मी विचारलं, "तो मुलगा?" म्हणाले, "तो रात्रीच गावी गेला. रूम मीच दिली होती, ती सोडायला लावली."

गाडीला तीन दिवस लागले. नवा कूलर, नवा थर्मोस्टॅट, तेलाने फुगलेले रबरी पाइप सगळे बदलले. फ्लशिंगचं औषध घालून पाच वेळा धुतलं, तरी पहिल्या चार वेळा घमेल्यात तवंग येत होता. ऑइल आणि फिल्टर पुन्हा नवे. आईचं ऑपरेशन एक आठवडा पुढे गेलं, एवढंच. ते छान झालं. मित्राने मजुरी घेतली नाही. मी आग्रह केला तर म्हणाला, "त्या पोराला शोध. तेच बिल समज."

पुण्याला आल्यावर मी त्या गॅरेजात गेले. जुना कूलर मालकांच्या टेबलावर ठेवला आणि चूक माझी होती, मुलाने काम नीट केलं होतं, असं लिहून, सही करून दिलं. मालकांनी त्याला परत बोलावतो म्हणून कबूल केलं. त्याचा नंबर बंद होता. मी दर महिन्याला विचारत होते. दिवाळीनंतर कुणा दुसऱ्या मुलाकडून नवा नंबर मिळाला.

मी फोन केला, ओळख सांगितली. तो गप्प. मी सगळं सांगितलं, डिपस्टिक, कूलर, हिरवी बाटली, आणि माफी मागितली. त्याने एकच विचारलं, "हे तुम्ही शेठना सांगितलं का?" मी म्हटलं, "हो, लिहून दिलंय." "मग ठीक आहे," म्हणाला. "मी तेव्हाच सांगत होतो मॅडम." तो त्याच्या जिल्ह्याच्या गावी ट्रॅक्टरच्या गॅरेजात लागला होता, पगार आधीपेक्षा कमी होता. मी त्याला पुण्यात दुसरीकडे नोकरीबद्दल विचारलं, पैशांबद्दलही बोलले. दोन्हीला नाही म्हणाला. मी त्याला "पुन्हा फोन करते" म्हटलं, तर म्हणाला, "कशाला?" आणि फोन ठेवला. त्याच्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

"नाही शेठ, मी नाही टाकलं." हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते निरीक्षण होतं. एका माणसाने, जो तिथे हजर होता, त्याने काय केलं हे सांगितलं होतं. मी ते खोडून तिथे माझं अनुमान लिहिलं. माझी डिग्री, माझं इंग्रजी, माझे फोटो, यामुळे मालकांनी माझं अनुमान खरं धरलं आणि त्याचं निरीक्षण खोटं. बाई, वहीत फक्त मार्क जातात. बाहेर कुणाची तरी नोकरी जाते.

तो फुटका कूलर मालकांनी मला परत दिला. ऑफिसात माझ्या टेबलावर असतो. नवी मुलं विचारतात, हे काय आहे? मी त्यांना ही गोष्ट सांगते, हिरव्या बाटलीसकट. आणि बिघाडाच्या बैठकीत फळ्यावर आता मी दोन रकाने आखते. एक "दिसलं", दुसरा "वाटलं". पहिला भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

शेवटी, तुम्ही पुणे-मुंबईहून गाड्या घेऊन आलाय आणि उद्या घाट चढणार आहात, म्हणून चार गोष्टी. निघण्याआधी गार इंजिनावर डिपस्टिक आणि टाकी, दोन्ही बघा. पातळी तर बघाच, रंगही बघा. काटा हलला तर एसी बंद, हीटर चालू, आणि जागा मिळताच थांबा. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात. तासभर झाकणाला हात लावू नका. आणि मेकॅनिकने विचारलं, "तुम्ही काही टाकलं होतं का?" तर खरं सांगा. लाज पाच मिनिटं वाटते.

या वर्षी शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आपण निधी जमवतोय. नवी भिंगं, नवे स्टँड येतीलच. माझी एक विनंती आहे. प्रयोगवह्या छापून घ्याल तेव्हा त्यात निरीक्षण आणि अनुमान यांच्या मध्ये एक जाड रेघ असू द्या. आणि एक लाल पेन बाईंसाठी. त्या निवृत्त झाल्या असल्या तरी आमच्या वह्या अजून तपासायच्या राहिल्या आहेत.

मागून मोदकांचा वास येतोय, हे निरीक्षण आहे. तुम्हाला भूक लागली असेल, हे अनुमान. ते तपासायला आता पंगतीत बसूया.